कवितेचा मुकादम

दोस्तांनो, नवी कविता शोधायची तर प्रातिनिधिक संग्रह हातात घ्या. एका पुस्तकात चाळीस-पन्नास कवी. पाळी सुटल्यावर अर्धा तास मिळाला तरी एखादा अनोळखी कवी गाठ पडतो. एकेकाचं पुस्तक घ्यायला आपल्याकडं पैसा नाही, आणि पुष्कळदा ते बाजारात उरलेलंही नसतं.

पण डोळे झाकून वाचू नका. गोदीच्या गेटावर मुकादम माणसं निवडतो. आत गेले ते कामाचे न्‌ बाहेर राहिले ते बिनकामाचे, असं थोडंच आहे? संपादक हाही मुकादमच. परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ काढलं आणि शाळेत शिकलेल्या कित्येकांना तेवढीच मराठी कविता ठाऊक झाली. आजही मोहोळसारख्या गावात दहावीला शाळा सुटलेल्या पोराची कविता म्हणजे ‘कुमारभारती’. त्याबाहेरचा कवी त्याच्यापुरता जन्मलेलाच नाही.

निवडणाऱ्याची नजर साफ असली तर मात्र इतिहास हलतो. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेव शिंपी, कबीर विणकर, रविदास चर्मकार एका पंगतीला बसले. अमेरिकेत १९२२ साली जेम्स वेल्डन जॉन्सननं काळ्या कवींचा संग्रह काढला. ‘यांना कसली कविता?’ म्हणणाऱ्यांना तेच उत्तर होतं. आपल्या अर्जुन डांगळ्यांनी १९९२ साली दलित साहित्य इंग्रजीत एकत्र आणलं, ‘पॉयझन्ड ब्रेड’. बंधुमाधवांच्या कथेवरून हे नाव. त्यात हिरा बनसोडे भेटतात, ज्योती लांजेवार भेटतात.

भेटल्या म्हणजे वाचून झाल्या, असं समजू नका. दोन कविता वाचून ‘ढसाळ वाचला’ म्हणणारे ढिगानं आहेत. ‘गोलपिठा’ (१९७२) अख्खा वाचलात? दया पवारांचा ‘कोंडवाडा’ (१९७४)? संग्रहात नाव सापडलं की त्या कवीचं पुस्तक हुडका. वाचनालयात मागा, नसेल तर भांडा.

आणि एक वही घाला. भिडलेली कविता उतरवून घ्या, खाली कवीचं न्‌ पुस्तकाचं नाव लिहा. कुठल्याच संग्रहात नसलेली, वस्तीतल्या म्हातारीच्या तोंडची ओवीही त्याच वहीत लिहा. चार वह्या जमल्या की झेरॉक्स मारून वाटा.

तेव्हा मुकादम आपणच असू. मग मोजा : आपल्या वहीत बाया किती, भटके किती, आणि गेटाबाहेर कोण उभं आहे.