मागे सरकायला जागा आहे का?

ऑफिसात कुणी नवा कॅमेरा घेतला की साधारण सहा महिन्यांनी कॉफी मशीनपाशी एक प्रश्न हमखास येतो. "अरे, किट लेन्सवर हात बसलाय आता, पुढची कुठली घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून दोन उत्तरं आलेली असतात. ज्याला आपण जरा कलावंत आहोत असं वाटतं तो म्हणतो, "पन्नास एक-आठ घे, डोळे झाकून." आणि जो नुकताच ताडोबाला जाऊन आलेला असतो तो म्हणतो, "सत्तर-तीनशे घे रे, त्याशिवाय मजा नाही." विचारणारा बिचारा दोन्ही घेतो. एक बोनसमधून, दुसरी ईएमआयवर.

तर मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याला ही दोन्ही उत्तरं देणं बंद झालं पाहिजे. लेन्सा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दोन्ही आपापल्या कामाला उत्तम आहेत. पण ते काम बहुतेक नवशिक्यांचं नसतंच.

आधी पन्नासबद्दल, कारण तिचे भक्त जास्त.

आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला असतो, म्हणजे त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅननच्या क्रॉप सेन्सरची २२.३ बाय १४.९ च्या आसपास, निकॉन आणि सोनीची किंचित मोठी. आता आठवी-नववीतले समरूप त्रिकोण आठवा. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायचा आहे. वर-खाली थोडी जागा सोडून दोन मीटरची चौकट धरू. कॅमेरा उभा. अंतर म्हणजे दोन मीटर गुणिले फोकल लेंग्थ भागिले सेन्सरची लांब बाजू. पन्नासची लेन्स आणि कॅननचा क्रॉप सेन्सर घेतला तर उत्तर येतं साडेचार मीटर. म्हणजे जवळजवळ पंधरा फूट.

पंधरा फूट! तुमच्या वन बीएचकेचा हॉल केवढा आहे? दहा बाय पंधरा असेल तर नशीबवान आहात. त्यातले तीन फूट सोफ्याने खाल्ले, टीव्हीखालच्या युनिटने दीड खाल्ला. तुम्ही भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभे राहिलात तरी आजी गुडघ्यापर्यंतच येणार. चार माणसं शेजारी-शेजारी जेवायला बसलीत, तोही दोन-सव्वादोन मीटरचाच मामला, म्हणजे आडवा कॅमेरा धरून पुन्हा तेच पंधरा फूट. "मागे सरक की जरा, पायांनी झूम कर," असं हे पन्नासवाले दादा फार थाटात सांगतात. अहो दादा, मागे सरकू कुठे? शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये?

२०२२ साली माझ्या भाचीचं बारसं झालं, घरीच, सदाशिव पेठेतल्या जुन्या फ्लॅटमध्ये. एक मित्र हौसेने फोटो काढत होता. पन्नास एक-आठ, अर्थातच. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देत घेत होते तो क्षण टिपायला त्याला बाल्कनीत जाऊन दाराच्या चौकटीतून फोटो काढावे लागले, मध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाहुण्यांची डोकी चुकवत. चेहरे सुंदर आले. आत्याचा चेहरा, आजीचा चेहरा, बाळाचं नाक. पण पाळणा, त्याच्याभोवती दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका, घुगऱ्यांचं पातेलं, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आणि काही ऐकू न येणारे आजोबा, हे सगळं एका चौकटीत आलं ते माझ्या मावसबहिणीच्या फोनवर. त्या आल्बममध्ये बारसं तिच्यामुळे आहे.

मग हा सल्ला आला कुठून? तो खोटा नव्हता हो. १९२५ साली लायकाचा पहिला कॅमेरा बाजारात आला तो पन्नासची लेन्स घेऊन, आणि पुढे कित्येक दशकं फिल्मच्या एसएलआरसोबत येणारी लेन्स पन्नासचीच असायची. आज किट लेन्स असते तशी. फिल्मच्या ३६ मिलिमीटर चौकटीवर वरचंच गणित पुन्हा करा. पंधरा फुटांच्या जागी नऊ फूट येतात. नऊ फूट आपल्या हॉलमध्ये मिळतात! म्हणजे सल्ला देणाऱ्यांच्या आधीच्या पिढीचं बरोबरच होतं. सेन्सर लहान झाला आणि सल्ला तसाच राहिला. जुन्या सिस्टिमची कॉन्फिग फाइल नव्या सर्व्हरवर तशीच्या तशी कॉपी करणारे लोक आपण रोज बघतो, हे त्यातलंच.

यावर कुणीतरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतोच. त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य पन्नासवर काढलं, खरं आहे. पण लायकावर, पूर्ण चौकटीच्या फिल्मवर. तुमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ती नजर हवी असेल तर तीस ते पस्तीसची लेन्स घ्यायला लागेल. ब्रेसाँचं नाव घेऊन ऐंशीच्या दृष्टीने बघायचं, हा कुठला न्याय?

दुसरा युक्तिवाद बोकेचा. (मराठीत हा शब्द वाचला की मला दर वेळी मांजरंच दिसतात, इलाज नाही.) मागचं सगळं धूसर, समोरचा चेहरा लख्ख. पहिले पंधरा दिवस मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि ती नक्कल आता बऱ्याच फोनमध्ये असते. केसांच्या कडांपाशी अजून गडबडते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावशीला फरक कळत नाही. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पैसे मोजताय ती तुमच्या खिशात आहे आधीच. शिवाय धूसर काय होतं ते बघा ना. आईच्या मागचं स्वयंपाकघर, तिचे डबे, कालनिर्णय, देवाजवळचा बल्ब. वीस वर्षांनी तुम्हाला नेमकं तेच बघायचं असणार आहे.

पन्नासच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. ती स्वस्त आहे. इतक्या कमी पैशांत इतका प्रकाश आत घेणारी दुसरी नवी लेन्स सहज मिळत नाही. आणि प्रकाश महत्त्वाचा आहेच. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली किट लेन्स पस्तीसच्या आसपास एफ/४.५ च्या पुढे उघडत नाही. शटर जातं एक-पंधरांश सेकंदावर, आणि रांगणारं पोर त्यात भूत होऊन येतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, पोराला नाही. एफ/१.८ वर सहापटीहून जास्त प्रकाश आत येतो, शटर एक-नव्वदांशावर जातं आणि पोर पोरासारखं दिसतं. तेव्हा किट लेन्सनंतर उजेडाची लेन्स हवी, इथपर्यंत मी पन्नासवाल्यांच्या सोबत आहे. फक्त ती आपल्या घरात मावणारी असू दे एवढंच म्हणतोय.

आणि अशा आहेत. निकॉनची पस्तीस एक-आठ डीएक्स २००९ पासून आहे, जुन्या बाजारात भरपूर सापडते. तिच्यावर वरचा दोन मीटरचा हिशोब दहा फुटांवर येतो. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांसाठी २०२३ मध्ये चोवीस एक-सात आली, ती तर साताला भागते. सोनीवाल्यांना सिग्माची तीस एक-चार आहे. कॅननच्या जुन्या डीएसएलआरसाठी २०१४ ची चोवीस दोन-आठ, बिस्किटाएवढी जाड. ही प्रकाशाला तेवढी उदार नाही, किट लेन्सच्या साधारण दुप्पट, बस. पण सात फुटांत माणूस मावतो. पन्नासपेक्षा यांतल्या काही महाग पडतात, हे मान्य. थांबा दोन महिने. कुणी हाकलतंय का? आणि स्वस्तच्या नादात निकॉनवाल्यांनी अजून एक बघून घ्या: जुनी पन्नास एक-आठ डी लेन्स डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटरच नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

असो. आता सत्तर-तीनशे. हिच्यावर माझा राग जरा वेगळ्या कारणासाठी आहे.

पक्षी आणि प्राणी हाच ज्यांचा छंद आहे त्यांना मी काही बोलत नाही. भिगवणला रोहित बघायला जा, अवश्य लांब लेन्स न्या. (तरी एक हिशोब करून जा. बुलबुलाएवढा वीस सेंटिमीटरचा पक्षी वीस मीटरवर बसला असेल तर तीनशेवरसुद्धा तो चौकटीच्या रुंदीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शात येतो. म्हणून ही मंडळी लवकरच पाचशे-सहाशेकडे जातात, आणि हिला विकतात.) वर्षातून एकदा जंगलात जाणाऱ्याने लेन्स भाड्याने घ्यावी. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने लेन्सा मिळतात, लग्नाचे फोटोग्राफर वर्षानुवर्षं तेच करत आलेत.

पण ती लेन्स एकदा कपाटात आली की उरलेले तीनशे साठ दिवस ती कुणावर रोखली जाते? माणसांवर. दिवे घाटात ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते त्या दिवशी जाऊन बघा. कठड्यांवर, उंचवट्यांवर कॅमेऱ्यांची रांग, बहुतेकांना लांब नळकांडी. कुणाला हवंय काय? सुरकुत्या. म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा, कपाळाचा बुक्का, पिकलेल्या मिशा, मागचं सगळं धूसर. काळा-पांढरा केला की झालं. त्या म्हाताऱ्याचं गाव कुठलं, कितवी वारी, पायाला काय बांधलंय, या कशाचाही त्या फोटोत पत्ता नसतो, कारण काढणाऱ्यालाही तो नसतो. पुन्हा तेच त्रिकोण: खांद्यांपर्यंतचा चेहरा तीनशेच्या लेन्सने सव्वीस फुटांवरून निघतो. सव्वीस फुटांवरून आपला फोटो निघाला हे त्याला कळतही नाही. वर आपण त्याला "कँडिड" म्हणतो. तुमच्या आईचा असा फोटो कुणी परक्याने रस्त्यापलीकडून काढला आणि लाइक्स मिळवले तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

तोच चेहरा पस्तीसच्या लेन्सने काढायचा तर तीन फुटांवर उभं राहावं लागतं. तीन फुटांवरून गुपचूप काही काढता येत नाही. "माउली, एक फोटो काढू का?" असं विचारावंच लागतं, आणि समोरूनही "माउली"च ऐकू येतं, कधी हो, कधी हातानेच नको. नको म्हणाला तर फोटो गेला, त्याला इलाज नाही. पण हो म्हणाला तर तो तुमच्याकडे बघतो, तुमच्याशी बोलतो, आणि मागे घाट, दिंडी, पाण्याचा टँकर, सगळं त्याच्यासोबत येतं. मी लाजाळू आहे, मला माणसांशी बोलता येत नाही म्हणून लांब लेन्स, असं कारण पुष्कळजण देतात. अरे, दिवसभर स्टँडअप कॉलवर अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलतोस की!

"पण जवळून काढलं की नाक मोठं येतं," हा आक्षेप खरा आहे. चेहऱ्याचं प्रमाण अंतरावर ठरतं, आणि अठराने अगदी तोंडाशी गेलात तर नाक मोठंच येणार. म्हणून तर मी अठरा म्हणत नाही, चोवीस ते पस्तीस म्हणतोय, आणि चेहरा चौकटीत कोंबायचा हट्ट सोडा म्हणतोय.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आपण इंजिनिअर आहोत, प्रोफायलिंग केल्याशिवाय ऑप्टिमाइझ करत नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते. मागच्या सहा महिन्यांचे फोटो त्याप्रमाणे लावा. लाइटरूममध्ये दोन क्लिकचं काम आहे, नाहीतर एक्झिफटूल नावाचं फुकट हत्यार आहे. एक सावधगिरी: अठरा आणि पंचावन्नवर ढीग दिसतीलच, कारण झूम फिरवताना हात टोकाला जाऊनच थांबतो. सगळे फोटो मोजू नका. घरच्यांना पाठवले, प्रिंट केले, डिलीट करवले नाहीत, तेवढेच मोजा. त्यात खरोखर पन्नासच्या आसपास गर्दी निघाली तर खुशाल पन्नास घ्या, माझी हरकत संपली.

आणि तेवढाही कंटाळा असेल तर चिकटपट्टी आणा. या शनिवारी किट लेन्सची झूमची रिंग पस्तीसवर चिकटवून टाका आणि रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा फोटो काढा. रविवारी तीच रिंग पन्नासवर चिकटवून त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांचे काढा. सोमवारी दोन्ही घेऊन या कॉफी मशीनपाशी, मग काय भांडायचं ते भांडू.