विश्लेषण : पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर वेबसाइट बंद! डोमेनधारकाच्या ई-मेल पडताळणीचा नियम काय सांगतो?

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे मूळ नाव सेगाव. महात्मा गांधी १९३६ मध्ये तिथे राहायला आले आणि देशभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. मात्र याच रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. नावांतल्या साम्यामुळे गांधीजींचे टपाल तिकडे जाऊ लागले. अखेर १९४० मध्ये गावाचे नावच बदलून सेवाग्राम करण्यात आले. आज जिल्ह्यातल्या कित्येक शाळा, पतसंस्था, शेतकरी गट आणि दुकानदारांच्या वेबसाइट आहेत. त्यांच्याही नावाने एक महत्त्वाचे टपाल येत असते. ते चुकीच्या गावी जात नाही. ते अशा ई-मेल पत्त्यावर जाते, जो संस्थेत कोणी उघडतच नाही. आणि मग एका सकाळी वेबसाइटच्या जागी इंग्रजीतले चार ओळींचे पान दिसू लागते.

डोमेन कोणाच्या नावावर असते?

वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी नोंदवता येते. .कॉम, .ऑर्ग, .नेट अशा नावांचे नियम अमेरिकेत १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था ठरवते. तिची मान्यता घेतलेल्या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. त्यांच्याखाली रिसेलर असतात आणि रिसेलरकडून वर्धा, हिंगणघाट किंवा नागपूरचा वेब डिझायनर नाव घेऊन देतो. ही साखळी तीन-चार हातांची असते. संस्थेला त्यातला शेवटचा हात तेवढा माहीत असतो.

गोंधळ इथेच सुरू होतो. नाव नोंदवताना डोमेनधारकाचे नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल द्यावा लागतो. कामाच्या घाईत डिझायनर स्वतःचाच ई-मेल टाकतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. ‘सरांचा मेल आयडी काय?’ असे विचारल्यावर ‘तुमचाच टाका ना’ हे उत्तर अनेकदा संस्थेनेच दिलेले असते. सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढले तर गावात भांडण होईल. डोमेनच्या नोंदीत मात्र कोण आहे, हे वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. नोंदीत डिझायनरचेच नाव असेल तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. पैसे संस्थेने दिले होते, ही पावती तिथे लगेच कामाला येत नाही.

पंधरा दिवसांचा नियम काय आहे?

आयकॅनने रजिस्ट्रार कंपन्यांशी २०१३ मध्ये नवा करार केला. पडताळणीची अट त्यातूनच आली. डोमेन नवे नोंदवले, एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेले किंवा डोमेनधारकाच्या तपशिलात बदल केला, की रजिस्ट्रारने पंधरा दिवसांत त्याचा संपर्क खरा असल्याची खात्री करायची. बहुतेक कंपन्या त्यासाठी नोंदवलेल्या ई-मेलवर एक दुवा पाठवतात. त्यावर क्लिक केले की काम झाले. उत्तर आले नाही, तर डोमेन स्थगित होते. तांत्रिक भाषेत त्याच्यावर ‘क्लायंट होल्ड’ची खूण बसते आणि वेबसाइट जगाच्या नकाशावरून पुसली जाते. सर्व्हर सुरू असतो, फाइली जागच्या जागी असतात, होस्टिंगचे पैसे भरलेले असतात. फक्त त्या नावाने कोणी तिथवर पोहोचू शकत नाही.

त्याच नावावरचे ई-मेलही बंद पडतात. हा फटका सहसा उशिरा लक्षात येतो. ज्या संस्थेने डोमेनधारकाचा ई-मेल म्हणून आपल्याच डोमेनवरचा ‘इन्फो’ पत्ता दिला आहे, तिची तर पुरती कोंडी होते. पडताळणीचा मेल ज्या पेटीत यायचा, ती पेटीच कुलूपबंद झालेली असते. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावे तसा हा प्रकार.

नियम मुळात वाईट नव्हता. खोट्या नावाने डोमेन घेऊन फसवणूक करणाऱ्यांचा माग काढता यावा, अशी अनेक देशांच्या पोलिस यंत्रणांची मागणी होती. पण परिणाम उलटा दिसला. नियम लागू झाला २०१४ च्या सुरुवातीला. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत आठ लाखांहून अधिक डोमेन स्थगित झाल्याचे रजिस्ट्रार कंपन्यांच्या गटाने सांगितले. साधा हिशेब आहे. ज्याला फसवायचे आहे तो दोन मिनिटांत फुकटचा ई-मेल उघडून दुव्यावर क्लिक करतो. अडकतो तो मेल न उघडणारा प्रामाणिक माणूस.

दोष फक्त मेल न उघडणाऱ्याचा?

असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. गेली काही वर्षे बँका, पोलिस आणि सरकार एकच गोष्ट सांगत आहेत : अनोळखी मेलमधल्या दुव्यावर क्लिक करू नका. पडताळणीचा मेल येतो तो नेमका तसाच. पाठवणाऱ्या कंपनीचे नाव कधी ऐकलेले नसते, कारण संस्थेचा व्यवहार रिसेलरशी किंवा डिझायनरशी झालेला असतो. मजकूर इंग्रजीत, सूर तातडीचा, ‘अन्यथा सेवा खंडित होईल’ अशी तंबी आणि खाली दुवा. सायबर जागृतीच्या कार्यक्रमात फसव्या मेलची जी लक्षणे सांगतात, ती सगळी इथे जुळतात. डोमेनच्या नावाने फसवणूक खरोखर होतेही. दुसऱ्याच्या डोमेनधारकांना नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे पाठवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्येच ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’वर कारवाई केली होती. मग सावधपणे मेल डिलीट करणाऱ्या मुख्याध्यापकांना निष्काळजी कसे म्हणायचे?

खरी गोम करारातच आहे. पडताळणी ई-मेलनेच करावी, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. फोन करून किंवा एसएमएसवर सांकेतिक क्रमांक पाठवूनही ती करता येते. उत्तर न आल्यास डोमेन स्थगित करणे हा एकमेव मार्गही नाही. रजिस्ट्रारने स्वतः संपर्काची खातरजमा केली तरी नियमाचे पालन होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी पर्याय आहेत आणि दोन्ही ठिकाणी कंपन्या आपल्याला स्वस्त पडणारा पर्याय निवडतात. माणसाने फोन करायचा तर पगार द्यावा लागतो. डोमेन बंद करायला एक आज्ञावली पुरते.

समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला रेशनपासून पीएम किसानपर्यंत सगळीकडे मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो ते काम नीट करतो. त्याच शेतकऱ्याच्या गटाने डोमेन घेतले, की त्याच्याकडून ई-मेलची पेटी रोज उघडण्याची अपेक्षा का? भारतात विक्री करणाऱ्या रजिस्ट्रार आणि रिसेलर कंपन्यांनी मराठीसह स्थानिक भाषांत एसएमएस पाठवला, तर यातली बहुतेक स्थगिती टळेल. जाहिरातीचे एसएमएस त्याच क्रमांकावर न चुकता येतच असतात.

वर्ध्यात याने काय बिघडते?

सगळ्या संस्था एका मापाने मोजता येणार नाहीत. जिल्हा प्रशासनाची वेबसाइट .जीओव्ही.इन या सरकारी नावाने चालते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे नाव .एसी.इनमध्ये आहे; शैक्षणिक संस्थांसाठीची ही नोंदणी ‘अर्नेट’ पाहते. तिथले नियम वेगळे आहेत. साधी .इन नावे ‘निक्सी’च्या अखत्यारीत येतात. तीही आयकॅनच्या कराराबाहेर आहेत, पण तिथे ग्राहकाची केवायसी लागते, त्यामुळे खरा संपर्क तिथेही हवाच. पंधरा दिवसांचा नियम मुख्यतः .कॉम, .ऑर्गला लागू आहे. आणि छोट्या संस्था हीच नावे घेतात.

उदाहरण म्हणून वायगावची हळद घ्या. या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तिथल्या एखाद्या उत्पादक गटाने थेट विक्रीसाठी वेबसाइट काढली. पुड्यावर तिचे नाव छापले, क्यूआर कोड टाकला. ज्या तरुणाने आर्वी नाक्यावरच्या छोट्या ऑफिसात बसून ती तयार केली, तो नोकरीसाठी पुण्याला गेला. गटाने फोन क्रमांक बदलला म्हणून त्याने दुरून नोंद दुरुस्त केली, ई-मेलही नवा टाकला. म्हणजे काम चांगलेच केले. पण या बदलामुळेच पडताळणीचे पंधरा दिवस नव्याने सुरू झाले. मेल गटाच्या अशा पत्त्यावर गेला, ज्याचा पासवर्ड एकालाच ठाऊक आणि तो शेतात. सोळाव्या दिवशी बाजारातल्या प्रत्येक पुड्यावरचा क्यूआर कोड मुका झाला. नोंद चुकीची ठेवली असती तर काही दिवस निभावले असते. बरोबर केल्यावर दार बंद झाले. या नियमातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच.

शाळा-महाविद्यालयांचे दुखणे वेगळे. तिथे माणसे बदलतात. मुख्याध्यापक चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, चेकबुक, डेड स्टॉक रजिस्टर सगळे मोजून देतात. डोमेनचा ई-मेल आणि पासवर्ड त्या यादीत नसतो. विश्वस्त बदलले तर सार्वजनिक न्यासाला नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यासाठी वकीलही नेमला जातो. डोमेनच्या नोंदीतला बदल पाच मिनिटांचा, पण तो कोणाच्याच कामात बसत नाही. मग जूनमध्ये प्रवेश सुरू असताना वेबसाइट बंद पडते आणि फोन जातो तो सहा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटर शिक्षकांना.

मोठ्या कंपन्यांचे असे होत नाही का?

होते. चेन्नईच्या ‘झोहो’चे डोमेन २४ सप्टेंबर २०१८ रोजी तिच्या रजिस्ट्रारने बंद केले. कारण पडताळणीचे नव्हते, फसव्या मेलच्या मोजक्या तक्रारींचे होते. पण लाखो लोकांचे कामकाज ज्या नावावर चालते, ते नाव एका दूरच्या कंपनीने परस्पर खाली ओढले. श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर जाहीरपणे मदत मागावी लागली. नंतर झोहोने रजिस्ट्रार बदलला. झोहोच्या प्रमुखाची हाक तासाभरात जगभर पोहोचते. हळद उत्पादक गटाने ट्विट केले तर ते कोण वाचणार?

मेल खरा की खोटा, कसे ओळखायचे?

दुव्यावर क्लिक न करताही हे काम होते. रजिस्ट्रारची वेबसाइट ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून उघडायची आणि आपल्या खात्यात शिरायचे. पडताळणी खरोखर बाकी असेल तर तिथे सूचना दिसते आणि मेल पुन्हा मागवता येतो. खऱ्या पडताळणीत कार्डाचा क्रमांक, बँकेचा ओटीपी किंवा पैसे मागितले जात नाहीत. मागितले, तर तो मेल खोटा.

रजिस्ट्रार कोण हेच माहीत नसेल, तर आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेनचे नाव टाकले की कंपनीचे नाव, मुदत आणि स्थिती दिसते. मात्र नोंदीत कोणाचा ई-मेल आहे, हे तिथे सहसा दिसत नाही. युरोपचा खासगीपणाचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून असे तपशील झाकले जातात. ते कळण्यासाठी खात्यातच शिरावे लागते, म्हणजे डिझायनरकडून लॉगिन घ्यावे लागते. संबंध चांगले आहेत तोवरच हे मागून घेतलेले बरे. नोंदीत संस्थेचे नाव ‘ऑर्गनायझेशन’च्या रकान्यात असावे आणि ई-मेल असा असावा, जो त्याच डोमेनवरचा नाही आणि किमान दोघांना उघडता येतो. वर्षातून एकदा रजिस्ट्रार ‘तुमची माहिती तपासा’ असा मेल पाठवतो; तो पाठवणे त्याला बंधनकारक आहे. तो मेल गेल्या वर्षी कोणाकडे आला, हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, तिची नोंद आजच तपासण्यासारखी आहे.

वेबसाइट आधीच बंद झाली असेल तर नवे डोमेन घ्यायची घाई करू नये. जुना ई-मेल उघडता आला तर पडताळणी करून स्थगिती उठते. तो उघडतच नसेल, तर संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि पैसे दिल्याच्या पावत्या घेऊन थेट रजिस्ट्रारशी बोलावे लागते, आणि ते काम दिवसांचे नसून आठवड्यांचे होऊ शकते. स्थगिती उठल्यावरही सगळीकडे वेबसाइट एकाच वेळी दिसत नाही. इंटरनेट कंपन्यांच्या सर्व्हरवरची जुनी नोंद बदलायला काही तास, कधी एक-दोन दिवस जातात. ‘हिंगणघाटला दिसते, आर्वीत दिसत नाही’ असे फोन त्या काळात येतात. तेवढ्यासाठी डिझायनरला रात्री उठवायची गरज नसते.