शेततळ्यावरची पाखरे

द्राक्षाच्या वासाने पाखरे पळतात, असे तासगावात कुणी म्हटले तर बागायतदार त्याला वेड्यात काढतील. घडांवर तुटून पडणाऱ्या भोरड्या त्यांनी कमी का पाहिल्यात! पण अमेरिकेतल्या काँकर्ड द्राक्षाला ज्याचा वास असतो, ते मिथाइल अँथ्रानिलेट पाखरांना खरोखरच झोंबते. माणूस तेच च्युइंगममध्ये आवडीने चघळतो. परदेशात विमानतळांवरच्या डबक्यांत पाखरे उतरू नयेत म्हणून ते वापरतात. मग आपल्या शेततळ्यांत का नको?

टेंभू-म्हैसाळ योजनांचे पाणी आले, २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आले आणि माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या माळावर पाखरांना पाणी दिसू लागले. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. विष्ठेने शेवाळ वाढते, शेवाळाने ठिबकचे फिल्टर तुंबतात, पाणकावळे मत्स्यबीज गिळतात. जाळीला खर्च येतो, वाऱ्यात ती फाटते. त्यापुढे न मारता हाकलणारे औषध बरेच वाटणार.

पण ते उन्हात विरते, पुन्हा पुन्हा टाकावे लागते. मात्रा वाढली तर ज्यांच्यासाठी टाकले त्या माशांनाच बाधते. शिवाय हेच पाणी ठिबकने वेलीला जाते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपने आपली द्राक्षे अडवली होती; तेव्हा आधी लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मान्यता, पाहा, मग बाटली उघडा. सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. जवळ दुसरे पाणी असेल तरच पाखरू हटते. एप्रिलात जतच्या माळावर असे पाणी कुठून येणार? तहानलेले पाखरू झोंबणारे पाणीही पिईल, नाहीतर शेजारच्या तळ्यावर जाईल. म्हणजे त्रास फक्त बांध ओलांडतो. मायणीचा परिसर २०२१ मध्ये पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव झाला. तिथल्या तलावांत आणि आसपास तर हा प्रयोग नकोच.

एका ठिकाणी मात्र माझा विरोध मावळतो: जिथे पाणीच घातक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट येथे, जुन्या खाणीच्या आम्लयुक्त पाण्यावर उतरलेले ३४२ हंस मेले. अशा पाण्यावर, किंवा एखाद्या डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशच्या तळ्यावर, चोचीला झोंबलेले परवडले. अर्थात औषध टाकले म्हणून तळे उघडे ठेवायची मुभा कारखान्याला मिळू नये.

शेततळ्यासाठी मात्र शेडनेटचे आच्छादनच बरे. ते पाखरे अडवते, ऊन अडवून शेवाळही रोखते आणि मे महिन्यात सगळी पाखरे मिळून पितील त्याहून जास्त पाणी वाफ होण्यापासून वाचवते. अनुदान द्यायचेच तर या आच्छादनाला द्यावे.