कायद्याने वगळलेला शब्द

माणसांच्या खरेदी-विक्रीचे एखादे प्रकरण गाजले की शिक्षा अधिक कडक करा, अशी मागणी होते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. त्यांच्या निदानाबद्दल मात्र आहे.

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांची कहाणी उघड झाली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात ही मुले मेंढपाळांकडे राबत होती. त्यांतील एक मुलगी दगावली. या सौद्याचे भांडवल एकच होते, आईबापांचे दारिद्र्य. शिक्षेची भीती दाखवून ते भांडवल आटणार आहे काय?

राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकत्रच मनाई केली. १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी तिचा अर्थ स्पष्ट केला : किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हेही सक्तीचे श्रमच होत, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे. फौजदारी कायद्याने मात्र हा धागा तोडला. फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमात शोषणाच्या व्याख्येत ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द होते. संसदेने कायदा करताना ते गाळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये भीक मागायला लावणे समाविष्ट झाले, सक्तीचे श्रम नाहीत. ‘गुलामगिरीसदृश प्रथा’ या शब्दांत ते बसवता येतील, असे वकील सांगतील. पण उचल घेऊन परमुलखात अडकलेल्या मजुराची तक्रार लिहून घेणारा हवालदार एवढा अर्थ लावील काय? अशा मजुराची तक्रार बहुधा मालक-मजुरांतील पैशांचा तंटा म्हणून वाटेला लावली जाते. कलमात किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे, पण गुन्हाच नोंदवला गेला नाही तर तिचा उपयोग काय?

पीडितांच्या संरक्षणाची स्थितीही याहून बरी नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्याखाली सोडवलेल्या सज्ञान स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. तिथून बाहेर पडायचे की नाही, हे ती स्वतः ठरवू शकत नाही. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना मुक्त करण्याची प्रक्रिया सुरू करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. वेठबिगारांसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत १ ते ३ लाख रुपयांचे साहाय्य आहे. पण तातडीची मदत सोडली तर त्याचे अंतिम वाटप न्यायालयीन निकालावर अवलंबून आहे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, मजूर मात्र पुढच्या हंगामात पुन्हा उचल घेतो, अनेकदा त्याच मुकादमाकडून. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारी वकिलाचे. त्याच्या विलंबाची किंमत मात्र पीडिताने मोजायची, असा हा उफराटा हिशेब आहे.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आणीबाणीत आला. त्या वेळी आपले अनेक सहकारी तुरुंगात होते. तरीही तो कायदा मूलगामी होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याने वेठीचे कर्ज रद्द केले, कर्ज तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायला सांगितले. त्या समित्यांत सामाजिक कार्यकर्त्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधींना जागा आहेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द कलम १४३ मध्ये घाला. पुनर्वसनाची रक्कम दोषसिद्धीपासून तोडून मुक्ततेच्या दाखल्याशी जोडा. सज्ञान स्त्रीला संमतीशिवाय कोठेही डांबू नका. आणि मोर्चाची वाट न पाहता प्रत्येक तालुक्यातील साथींनी आजच प्रांत कार्यालयात जाऊन विचारावे : दक्षता समिती आहे काय, तिची शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळाले नाही, तर लढा कोठून सुरू करायचा हे कळेल.