मंच नसलेली मैफल

'पब' हा शब्द उच्चारला की आपल्या मोहल्ल्यात चर्चा तिथेच थांबते. दारूचा अड्डा आणि त्यात गाणे-बजावणे, यावर मुसलमानाने काय लिहायचे? तरीही आज मला लिहायचे आहे ते आयर्लंडमधल्या पबांत भरणाऱ्या लोकसंगीताच्या खुल्या बैठकांवर. दारूची वकिली करण्याचा प्रश्नच नाही. ती आपल्याकडे हराम आहे आणि या लेखाने त्यात काडीचाही फरक पडणार नाही. माझा सवाल निराळा आहे. ज्याला कलाकार म्हणून मिरवायचे नाही, ज्याचे नाव कुठल्या पत्रिकेवर छापलेले नाही, अशा साध्या माणसाने चार लोकांत बसून गावे-वाजवावे, अशी एक जागा त्या लोकांनी राखली. आपल्याकडेही अशा जागा होत्या. त्या कुठे गेल्या?

आधी ही बैठक कशी असते ते पाहू. तिथे तिला 'सेशन' म्हणतात. पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती वादक गोल करून बसतात. एक-दोन फिडल, म्हणजे आपली व्हायोलिन, लाकडी बासरी, पत्र्याची छोटी शिट्टी, अकॉर्डियन, बँजो आणि बोवरान नावाचा डफासारखा चर्मवाद्याचा प्रकार. मंच नाही, माइक नाही, समोर नोटेशनचे कागद नाहीत. वादकांची तोंडे एकमेकांकडे असतात, गिऱ्हाइकांकडे त्यांची पाठ असली तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. कुणीतरी एक धून सुरू करतो. ज्यांना ती येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते गप्प ऐकतात. धून साधारण तीनदा वाजली की न थांबता दुसरी, मग तिसरी. मध्येच कुणी गाऊ लागले तर सगळी वाद्ये खाली ठेवली जातात आणि गडबडीच्या त्या जागेतही शांतता होते.

या बैठकीला नियमावली नाही, पण अदब कडक आहे. येत नसलेल्या धुनेवर अंदाजाने वाजवायचे नाही. बोवरान एका वेळी एकानेच वाजवायचा, नाहीतर तालाचा चिखल होतो. जुन्या माणसाला धून सुरू करू द्यायची आणि नवख्याला थोड्या वेळाने विचारायचे, 'तुम्ही काही सुरू करता का?' शेवटची ही रीत मला फार मोलाची वाटते. शिकणाऱ्याला जागा मिळते ती स्पर्धेत नंबर आला म्हणून नव्हे, तो येऊन बसला म्हणून.

आता कुणाला वाटेल की ही हजार वर्षांची परंपरा असणार. तसे नाही. आयर्लंडचे हे संगीत जुने आहे, पण पबमधली बैठक अगदी अलीकडची. आधी हे संगीत शेतकऱ्याच्या घरात, चुलीशेजारी आणि चौरस्त्यावरच्या नाचात वाजत असे. 1935 साली तिथे सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. नाचासाठी परवाना सक्तीचा झाला. पाद्री मंडळींनी घरगुती नाचांविरुद्ध मोहीम उघडली आणि खेड्यातली ती घरे हळूहळू मुकी झाली. त्यातच पोटासाठी माणसे देश सोडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश मजूर लंडनमध्ये बांधकामावर गेले. राहायला भाड्याची एकेक खोली, तीही वाटून घेतलेली. तिथे फिडल काढली तर घरमालकीण दार ठोठावणार. मग कॅम्डेन टाउन, केंटिश टाउन भागातल्या पबांत ही माणसे वाद्ये घेऊन जमू लागली. 1951 साली आयर्लंडमध्ये पारंपरिक वादकांची 'कोल्टस' ही संघटना उभी राहिली, तिचे वार्षिक मेळावे सुरू झाले आणि 1960च्या दशकात पबातली बैठक मायदेशातही रुजली. म्हणजे आज जिला आयर्लंडची ओळख म्हणून पर्यटक पाहायला जातात, ती बेघर मजुरांनी शोधलेली एक सोय होती.

ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटू नये. गिरणगावात एका गाळ्यात पंधरा-वीस कामगार पाळीपाळीने झोपायचे. त्याच लालबाग-परळमध्ये भजनी मंडळे होती, नमन-जाखडी होती, कलापथके होती. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख याच कष्टकऱ्यांच्या दुनियेत शाहीर म्हणून मोठे झाले. 1940च्या दशकात अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. त्याआधी उत्तर पेशवाईत सगनभाऊ होते, मुसलमान शाहीर, ज्यांच्या लावण्यांशिवाय मराठी शाहिरीचा इतिहास पुरा होत नाही. 'मराठी लोकसंगीताशी तुमचा काय संबंध?' असे आम्हाला विचारणाऱ्यांनी आणि 'आमचा काय संबंध?' असे स्वतःलाच विचारणाऱ्या आमच्या भावांनी, दोघांनीही ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

पण नावे लक्षात ठेवून संगीत जगत नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील हे आयरिश गृहस्थ होते. त्यांनी 1903 साली 1850 धुनांचा संग्रह छापला. फार मोठे काम. पण त्या धुना आज जिवंत आहेत त्या केवळ ते पुस्तक कपाटात आहे म्हणून नाही, दर आठवड्याला कुठेतरी कुणी त्या वाजवतो म्हणून. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचे ऋण फिटणारे नाही. तरी गिरणी आली, जाते थांबले आणि पहाटे ओवी म्हणण्याची जागाच गेली. विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले ते याच जागेसाठी. बाई दळताना, सूत काततानाच अल्लाहचे नाव घेईल, हे त्यांनी ओळखले होते. मजकूर आज ग्रंथालयात आहे, चक्की मात्र नाही. संग्रह आठवण राखतो. गाणे राखायला जागा लागते.

जागा कशी मारली जाते आणि कशी वाचवता येते, याचा एक धडा इंग्लंडने दिला आहे. तिथे पूर्वी पबमध्ये दोन वादकांपर्यंत वेगळ्या परवान्याची गरज नसे. 2003च्या परवाना कायद्याने ही सूट काढली. 2005च्या अखेरीस तो लागू झाला आणि कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेल्या एकट्या माणसासाठीही पबमालकाकडे परवानगी असणे आवश्यक झाले. मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना लावायला मात्र तशी अट नव्हती. वादक आणि श्रोते वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिले. अखेर 2012 साली नवा कायदा झाला. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत ध्वनिवर्धकाशिवाय होणाऱ्या जिवंत संगीताला परवान्यातून मोकळीक मिळाली. यामागचा विचार साधा आहे. माणसाच्या गळ्यातून आणि लाकडाच्या वाद्यातून निघणारा आवाज शेजाऱ्याची झोप उडवत नाही, त्याला सरकारने कशाला घाबरायचे?

आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर भोंग्याला बंदी आहे. तरी मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. गणपतीत राहतात, जयंत्यांना राहतात आणि, खाली मान घालून सांगायला हवे, उरसाच्या संदलमध्येही राहतात. ज्या संदलपुढे डफ वाजायचा, नातिया कलाम म्हटले जायचे, तिथे आता छाती हादरवणारे ठोके असतात आणि पोरे त्यापुढे नाचतात. आवाज शंभरपट झाला आणि गाणारे शून्यावर आले. मुशायऱ्याचेही तेच. कधीकाळी मोहल्ल्यात दरमहा नशिस्त व्हायची. तरही मिसरा दिला जायचा आणि शिकाऊ शायरही थरथरत आपले चार शेर वाचायचा. उस्ताद त्याचा वजन दुरुस्त करायचे. आज लाखालाखांचे मुशायरे होतात, सगळीकडे तेच पाच-सात चेहरे. बाकी आपण सगळे टाळ्या वाजवायला आणि मोबाइलवर चित्रण करायला.

इथे कुणी म्हणेल, बाई, मुळात संगीतच जायज आहे का? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. उलेमांमध्ये यावर शतकानुशतके मतभेद आहेत. वाद्ये नाजायज मानणारे आहेत, फक्त डफाला मोकळीक देणारे आहेत आणि चिश्ती बुजुर्गांसारखे समाअला इबादतीजवळ नेणारेही आहेत. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढे नक्की सांगता येते की इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिले आणि त्यात काळ, जागा आणि सोबती या तीन गोष्टींवर भर दिला. कोणत्या वेळी, कुठे आणि कुणासोबत. आयरिश वादकाला गझालींचे नाव ठाऊक नसेल, पण त्याच्या बैठकीची अदब याच तीन खांबांवर उभी आहे. ज्यांना वाद्य मंजूर नाही त्यांनी वाद्य आणू नये. हम्द, नात, ओवी, पोवाडा, गझल गळ्यावर चालते. मतभेद गाण्याच्या प्रकारावर असू द्या, एकत्र बसण्यावर नको.

आणि पबच्या बैठकीला मी डोक्यावर घेऊन नाचावे असेही काही नाही. तिच्यात खोट आहे. दारूने तिथे अनेक चांगले वादक खाल्ले. पब ही दीर्घकाळ पुरुषांची जागा होती, बाईला तिथे फिडल घेऊन बसणे सोपे नव्हते. आता पर्यटनामुळे बरेच पबमालक दोन-तीन वादकांना पैसे देऊन बसवतात आणि ती बैठक राहिली की कार्यक्रम झाला, यावर तिथलेच लोक वाद घालतात. शिवाय खेड्यातले पब बंद पडत आहेत. जागा दारूच्या धंद्यावर टेकलेली असेल तर धंदा बुडाला की जागाही बुडते. पण हेही खरे की आयर्लंडमध्ये 1898 पासून दारू न पिण्याची शपथ घेणाऱ्या कॅथलिकांची 'पायोनियर' नावाची मोठी चळवळ आहे. असा माणूस त्याच टेबलाशी चहा घेऊन वाजवू शकतो. म्हणजे दारू त्या बैठकीचा आत्मा नाही. आत्मा गोल बसण्यात आहे.

आपल्याला तर पबची गरजच नाही. आपल्याकडे चहाचे हॉटेल आहे, दर्ग्याची ओसरी आहे, वाचनालय आहे, संध्याकाळी रिकामी पडणारी शाळेची खोली आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. नववीच्या मुलाला कविता म्हण म्हटले तर तो आधी विचारतो, 'टीचर, मोबाइलवर म्युझिक लावू?' नुसता आपला आवाज चारचौघांत पुरेसा असतो, हे त्याने कुठे पाहिलेच नाही. गॅदरिंगमध्ये पाहिले ते रेकॉर्डवरचे नाच. घरी पाहिली ती रिअॅलिटी शोमधली परीक्षकांची बाकडी. गाणे म्हणजे कुणीतरी गुण देणार, असेच त्याच्या डोक्यात बसले आहे. आयर्लंडमध्ये मिलटाउन मॅलबे या गावी 1973 पासून दर उन्हाळ्यात संगीताची शाळा भरते. दिवसा वर्ग, रात्री गावभर बैठका. मुले दिवसा शिकलेली धून रात्री म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून वाजवतात. शिक्षक म्हणून मला त्यातली रात्र जास्त महत्त्वाची वाटते.

बायकांच्या बाबतीत तर आपल्या हातात तयार धागा आहे. लग्नघरात हळदी-मेहंदीच्या रात्री ढोलक येते आणि एरवी तोंड न उघडणारी खाला दखनी गीतांचा खजिना उघडते. एकीला विसर पडला तर दुसरी कडवे पुढे नेते. हीच ती मंच नसलेली मैफल. आता तिथेही स्पीकर आला आहे. खाला कोपऱ्यात बसून जेवणाची वाट पाहते आणि गाणी तिच्यासोबत कबरीत जातात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, बायकांसाठी हवी तर एक दुपार. सतरंजी आणि चहा. प्रमुख पाहुणे नाहीत, हार-नारळ नाही, प्रमाणपत्र नाही, माइक तर नाहीच. गोल बसायचे. ओवी येईल त्याने ओवी, गझल येईल त्याने गझल, शेजारच्या आळीतल्या भजनी बुवांनाही बोलवायचे. अभंग त्यांनी म्हणावा, नात आपण. नवख्याला विचारायचे, 'बेटा, तू काही सुरू करतोस?' आणि तो अडखळला तर हसायचे नाही.

याला अनुदान लागत नाही, पोलिसांची परवानगी बहुधा लागणार नाही, फक्त कुणीतरी पहिल्या महिन्यात चार माणसे आली तरी दुसऱ्या महिन्यात पुन्हा सतरंजी अंथरायला हवी. लंडनच्या त्या मजुरांकडे यापेक्षा जास्त काही नव्हते.