जळत्या विमानातला निरोप

१२ जून १९४४ ची संध्याकाळ. इंग्लंडमधील मिडलटन सेंट जॉर्जच्या विमानतळावर कॅनडाच्या हवाई दलाच्या पथकातील सात तरुण आपल्या लँकेस्टर विमानाजवळ गवतावर बसले होते. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरून सहाच दिवस झाले होते. जर्मनांची कुमक अडवण्यासाठी फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. या सातजणांची ही तेरावी मोहीम!

बसल्या बसल्या अँड्र्यू मिनार्स्कीला गवतात चार पानांची क्लोव्हर सापडली. पाश्चात्त्य देशांत हा मोठा शुभशकुन मानतात. अँड्र्यूने ती स्वतःजवळ ठेवली नाही. आपला मित्र पॅट ब्रॉफी याला देऊन टाकली.

अँड्र्यू २७ वर्षांचा होता. कॅनडातील विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या कष्टकरी कुटुंबातला. वडील वारले तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. घराला हातभार लावण्यासाठी तो चामड्याच्या कामाला लागला. १९४१ मध्ये तो हवाई दलात भरती झाला. विमानात तो मधल्या मनोऱ्यातला तोफची, तर पॅट शेपटाकडचा. पॅट हुद्द्याने अधिकारी होता. म्हणून रोज रात्री झोपायला जाताना अँड्र्यू थट्टेने सलाम ठोकून म्हणायचा, ‘‘गुड नाइट, सर!’’

मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानाने लँकेस्टरला गाठले. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद पडली, विमानाच्या पोटात आग भडकली. वैमानिकाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला. पॅटचा मनोरा इंजिनाच्या जोरावर फिरत असे. तो जागीच अडकला. हाताने फिरवण्याचा दांडाही तुटला.

अँड्र्यू दरवाजापर्यंत पोहोचला होता. एक उडी, की सुटका! पण त्याची नजर मागे गेली. तो गुडघ्यांवर रांगत आगीतून पॅटकडे गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी त्याने मनोरा हलवण्याची शिकस्त केली. त्याचे कपडे आणि पॅराशूट पेटले होते. पॅटने हातवारे करून त्याला परत जाण्यास बजावले. पॅटकडे पाठ न करता अँड्र्यू तसाच मागे सरकत गेला. दाराशी सावधान उभे राहून त्याने मित्राला सलाम केला. ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कोणते हे पॅटला ठाऊक होते. मग त्याने उडी घेतली.

जमिनीवर फ्रेंच लोकांना तो सापडला, परंतु भाजण्याच्या जखमांनी लवकरच त्याचा अंत झाला. आणि पॅट? विमान कोसळताना झाडावर आदळले, मनोरा उखडला आणि तो बाहेर फेकला गेला. तो जिवंत राहिला! बाकीचे पाचही वाचले. सातांपैकी गेला तो एकटा अँड्र्यू.

त्या आगीत काय घडले, हे पाहणारा पॅटशिवाय दुसरा कोणी नव्हता. विमानाबरोबर तोही गेला असता, तर ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ५५ हजारांहून अधिक मृतांच्या यादीत अँड्र्यू हे नुसते एक नाव उरले असते. पॅटच्या साक्षीवरून १९४६ मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीत त्याच उन्हाळ्यात धारातीर्थी पडलेल्या मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना मिळाले, तेच हे सर्वोच्च शौर्यपदक. आश्चर्य असे, की अँड्र्यूला ते मिळाले एका फसलेल्या प्रयत्नासाठी. मनोरा त्याच्याने हलला नव्हता; मित्राला वाचवले ते दैवाने. पण मित्रासाठी तो मागे फिरला होता, आणि पदक देणाऱ्यांनी तेवढेच मोलाचे मानले.

अँड्र्यूची कबर फ्रान्समध्ये मेआरिकूर गावी आहे. कॅनडातील हॅमिल्टनच्या संग्रहालयात एक लँकेस्टर त्याच्या स्मरणार्थ जपले आहे. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडलाही जाऊन आले. आणि ज्या तळावरून ते सातजण निघाले, तेथे २००५ मध्ये अँड्र्यूचा पुतळा उभारण्यात आला. शिल्पकाराने त्याला उभा केला आहे तो सलाम करताना.