सातच्या आत, पण कोणी?

‘सातच्या आत घरात’ नावाचा मराठी सिनेमा 2004 साली आला होता. सिनेमा जुना झाला, नियम अजून तसाच आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खेड्यातली पोरगी शिकायला गावाबाहेर पडते, हॉस्टेलात राहते, आणि पहिल्याच दिवशी तिला वेळेचा कागद दाखवतात. मुलांच्या हॉस्टेललाही नियम असतात म्हणे! पण कुलूप कुठे लागतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वयाच्या बहुतेकांना हे योग्यच वाटतं. मला वाटत नाही. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवल्यावर गप्प बसवत नाही.

काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावर दिवे नसतात, शेवटची एसटी लवकर जाते, वाघ-बिबट्याची भीती तर खरीच आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये याच पोरी पहाटे अंधारात टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जंगलात जातात. तिथे वाघाने माणसं मारल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तेव्हा कुणी कुलूप घेऊन उभा राहत नाही. घरात चार पैसे येणार असले की भीती गिळायची, आणि पोरगी वाचनालयात बसते म्हणाली की भीती आठवायची, हा कुठला न्याय? शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. माणूस घराबाहेर पडतो तोच मुळी दिवस मावळल्यावर. नेमके तेच तास आपण पोरींकडून काढून घेतो.

आता कायद्याचं बघू. संविधानाच्या 19व्या कलमाने देशभर मोकळेपणी फिरण्याचा हक्क दिला आहे. त्यावर बंधन घालता येतं, पण ते वाजवी हवं, आणि त्यामागे कायदा हवा. सरकारी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरचा कागद म्हणजे कायदा नव्हे. जमावबंदीचंच उदाहरण घ्या. पूर्वीचं कलम 144, जुलै 2024 पासून नव्या संहितेतलं 163. त्या आदेशात कारण लिहावं लागतं, आणि तो दोन महिन्यांत संपतो. राज्य सरकारने वाढवला तरी आणखी सहा महिन्यांच्या पुढे नाही. म्हणजे दंग्याच्या भीतीने काढलेल्या हुकमालाही मुदत आहे, पोरींच्या कुलपाला नाही!

‘स्त्रियांसाठी खास तरतूद करायला संविधानच परवानगी देतं,’ असं कोणी म्हणेल. देतं. पण दारूच्या ठिकाणी स्त्रियांना आणि पंचवीस वर्षांखालच्या पुरुषांना नोकरीची बंदी घालणारं पंजाब अबकारी कायद्याचं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली अनुज गर्ग खटल्यात टिकू दिलं नाही. संरक्षणाच्या नावाखाली स्वातंत्र्यच काढून घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांतही स्पष्ट आहे, की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या मुली 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा सरकारने दोघांना एकच वेळ लावली. समानता आली खरी, पण दोघांनाही कोंडून आलेली समानता मला अर्धीच वाटते.

आणि हे सगळं कुठे चाललंय? ज्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) आहे, तिथे! त्या गावाच्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे अठरा वर्षांची पोरगी ‘मला मान्य नाही’ म्हणाली, तर जंगलाचा ठरावही थांबतो. तीच पोरगी शिकायला आली की गेटबाहेर पाऊल टाकायला बापाची सही लागते. माडिया गावांत गोटुल होतं. संध्याकाळी पोरं-पोरी तिथे एकत्र जमत. त्यांना मागासलेले म्हणणाऱ्या आपण पुढारलेल्यांनी शोधून काढलं काय, तर कुलूप.

नियमच नकोत असं माझं म्हणणं नाही. अठराच्या आतल्या मुलांची जबाबदारी पालकांची आणि संस्थेची आहे, तिथे वेळ असावी. पण ती मुलामुलींना एकच असावी, आणि अभ्यास, आजार, काम यांना सूट असावी. अठरा पूर्ण झालेल्यांनी वहीत कुठे जातो ते लिहावं, तेवढं पुरे. परवानगी कशाला? नियमाचं कारण लेखी द्यावं. दर सहा महिन्यांनी तो नव्याने तपासावा, आणि तपासणाऱ्या समितीत तिथे राहणाऱ्या मुली असाव्यात. उशीर झाला म्हणून कुणाला हॉस्टेलातून काढू नये. रात्री नऊला दार न उघडल्यामुळे पोरगी रस्त्यावर राहिली, तर ती कसली सुरक्षा?

आणि ज्यांना खरोखरच काळजी आहे, त्यांनी नगरपरिषदेकडे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आणि एसटी आगाराकडे उशिराच्या गाडीसाठी अर्ज करावा. कुलूप स्वस्त पडतं, म्हणून आपण तेवढंच करतो. असो.